भिंतीपासून सव्वातीन फूट

पुण्यात, मुंबईत, नाशिकला किंवा कोल्हापुरात ज्याला आपण 'दुसरी खोली' म्हणतो ती बहुतेक दहा बाय बाराची असते. एक खिडकी, एक दार, भिंतीतलं कपाट, खाली गुळगुळीत टाइल्स. अशा खोलीत गाणं ऐकायची नीट सोय करू पाहणारे लोक हल्ली बरेच भेटतात. कुणी नुकतं निवृत्त झालेलं असतं, कुणाची मुलं परगावी गेल्यामुळे खोली रिकामी झालेली असते. त्यांतले काही जण कधीतरी कुणाच्या घरी सपाट, बिनखोक्याचे स्पीकर ऐकून येतात आणि मग दुकानातल्या लाकडी पेट्या त्यांना रुचेनाशा होतात. दारासारखे उभे राहणारे ते पातळ पडदे आपल्या खोलीत चालतील का, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझं उत्तर 'हो' असं आहे. मात्र त्याला जागेची एक अट आहे, आणि ती जागा स्पीकरच्या पुढे नाही, मागे लागते.

नेहमीच्या स्पीकरची मांडणी शंभर वर्षांची आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ती प्रसिद्ध केली. एक शंकू, त्याच्या मागे तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती चुंबक. शंकू पुढे ढकलला की मागे हवा विरळ होते, म्हणजे पुढून आणि मागून निघणारे आवाज एकमेकांच्या उलट असतात आणि खालच्या स्वरांना ते एकमेकांना मारून टाकतात. हे टाळायला मागचा आवाज खोक्यात कोंडतात. कोंडलेला आवाज गप्प बसत नाही. तो खोक्याच्या फळ्या हलवतो, आत आपटून पातळ शंकूतून पुन्हा बाहेर येतो. चांगले कारागीर हे दोष फार कमी करतात, पण खोकं आहे तोवर ते पूर्ण जात नाहीत.

सपाट स्पीकरवाल्यांनी खोकंच काढून टाकलं. पतंगाच्या कागदासारखा ताणलेला प्लास्टिकचा पातळ पडदा घ्यायचा आणि त्याला मधोमध एका ठिकाणी न ढकलता सगळ्या अंगाने हलवायचं. हे दोन मुख्य तऱ्हांनी करता येतं. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रकारात पडद्यावर विद्युतभार असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रांचे स्थिर पत्रे असतात आणि पत्र्यांवरचा विद्युतदाब संगीताप्रमाणे बदलला की पडदा इकडून तिकडे ओढला जातो. प्लेनर मॅग्नेटिक प्रकारात पडद्यावर ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या किंवा तारा चिकटवलेल्या असतात. त्यांतून अँप्लिफायरचा प्रवाह जातो आणि शेजारी चुंबकांच्या रांगा असतात. तिसरा प्रकार खऱ्या रिबनचा. त्यात प्लास्टिकही नाही, धातूची पातळ पट्टीच चुंबकांच्या मध्ये लोंबत असते. रिबन फार करून वरच्या स्वरांपुरती वापरतात.

या घराण्याचे मूळपुरुष म्हणून पीटर वॉकर यांचं नाव घ्यावं लागतं. त्यांनी १९३६ साली लंडनमध्ये कंपनी काढली. महायुद्धाच्या काळात ती हंटिंग्डन या लहानशा गावी गेली आणि पुढे 'क्वाड' या नावाने ओळखली जाऊ लागली. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची कल्पना जुनी होती. राइस आणि केलॉग यांनीही ती चाचपून पाहिली होती. अडचण अशी की पडदा पत्र्याच्या जवळ गेला की ओढ प्रमाणाबाहेर वाढायची आणि आवाज बिघडायचा. पडद्यावरचा भार कायम राखला तर ही विकृती नाहीशी होते, हे हार्वर्डचे प्राध्यापक फ्रेडरिक हंट यांनी १९५४ सालच्या ग्रंथात मांडलं. त्यासाठी पडद्यावरचा लेप मुद्दाम अतिशय मंद वाहक ठेवायचा, म्हणजे भार एका क्षणात इकडून तिकडे धावत नाही. वॉकर आणि त्यांचे सहकारी याच दिशेने काम करत होते. १९५७ साली 'क्वाड इएसएल' बाजारात आला आणि १९८५ पर्यंत बनत राहिला. जेमतेम ७९ सेंटिमीटर उंच, ८८ सेंटिमीटर रुंद, किंचित मागे रेललेला. खालच्या स्वरांच्या पडद्यांवर सहा हजार व्होल्ट, वरच्या स्वरांच्या पट्टीवर दीड हजार. जोडीला पंधरा वॉटचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. माणसाचा आवाज ऐकायचा असेल तर आजही तो मिळेल तिथे बसून ऐकावा, असं मी मनापासून सांगतो.

वॉकर यांचा पुढचा स्पीकर १९६३ साली हाती घेतला गेला, म्हणून त्याचं नाव इएसएल-६३. बाजारात यायला १९८१ उजाडलं. मोठ्या सपाट पडद्याची एक पंचाईत असते. वरचे स्वर त्यातून टॉर्चच्या झोतासारखे सरळ निघतात आणि ऐकणारा थोडा बाजूला सरकला की झाकोळतात. वॉकर यांनी पत्र्यांचे एकात एक असे गोल कडे केले आणि मधल्या कड्याला संकेत आधी, बाहेरच्यांना क्षणाक्षणाने उशिरा पोचवला. परिणामी सपाट पडद्यातून निघणारी लाट गोलाकार झाली. जणू पडद्यामागे सुमारे ३० सेंटिमीटरवरच्या एका बिंदूतून ती निघते आहे. अठरा वर्षं एका कल्पनेपाठी राहणारा उद्योजक आणि त्याला तेवढी सवड देणारी कंपनी, या दोन्ही गोष्टी मला त्या तंत्राइतक्याच मोलाच्या वाटतात.

अमेरिकेत वेगळी वाट निघाली. थ्रीएम कंपनीत अभियंता असलेले जिम वायनी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचे चाहते होते, पण हजारो व्होल्टचा व्याप त्यांना नको होता. फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीत असतो तो लवचिक चुंबक त्यांच्या कंपनीत बनत होता. तो ओळीने मांडून, समोर तारा चिकटवलेला पडदा ताणून त्यांनी तोच गुण वेगळ्या मार्गाने मिळवला. मिनेसोटा राज्यातल्या व्हाइट बेअर लेक या गावी १९६९ साली मॅग्नेपॅन कंपनी सुरू झाली. तिथून पन्नास वर्षांनी, २०१९ साली, त्यांनी एलआरएस नावाची लहान जोडी आणली. १२२ सेंटिमीटर उंच, ३७ रुंद, जाडी अडीच सेंटिमीटर. तेव्हा अमेरिकेत तिची किंमत ६५० डॉलर होती. तिची सुधारून केलेली आवृत्ती, एलआरएस प्लस, त्यानंतर आली. आपल्याकडे जहाजभाडं, सीमाशुल्क आणि जीएसटी चढल्यावर आकडा बराच वाढतो. तरीही या घराण्यात साध्या नोकरदाराने विचार करावा अशी ही जवळजवळ एकमेव नवी जोडी आहे, आणि म्हणून या लेखात तिचं माप पुन्हा पुन्हा येईल.

आता भिंतीकडे येऊ. सपाट स्पीकर पुढे जेवढा वाजतो तेवढाच मागे वाजतो, फक्त उलटा. बाजूंना, म्हणजे पडद्याच्या कडेच्या रेषेत, पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना छेदतात आणि तिथे जवळपास शांतता असते. वाजणाऱ्या पॅनेलच्या, म्हणजे त्या सपाट स्पीकरच्या, कडेशी कान नेऊन पाहावा, हे लगेच कळतं. अरुंद खोलीत ही शांतता वरदान ठरते, कारण खोक्याच्या स्पीकरचा आवाज बाजूच्या भिंतीवर आपटून गोंधळ करतो तसा याचा करत नाही. समोर बसलेल्याला तेवढाच मोठा आवाज देऊनही असा दोन्हीकडे वाजणारा आदर्श स्रोत खोलीत एकूण एक तृतीयांश ऊर्जाच सोडतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मागच्या लाटेचं मात्र काहीतरी करावं लागतं. ती भिंतीवर आपटून पुन्हा पुढे येते. पॅनेल भिंतीपासून एक मीटरवर, म्हणजे सव्वातीन फुटांवर असेल तर तिला दोन मीटर जास्त चालावं लागतं आणि ती सहा मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा पोचते. इतका उशीर झाला की कान तिला मूळ आवाजात कालवत नाही. गाणाऱ्याच्या मागे खोली आहे, अवकाश आहे, असं जाणवतं. सपाट स्पीकरच्या आवाजातली खोली लोकांना भावते ती बरीचशी इथूनच येते. भिंत जवळ आली की हा उशीर घटतो आणि मागची लाट मूळ आवाजाला चिकटून त्याचा रंग बदलते.

याचा हिशेब करून पाहता येतो, आणि खरेदीच्या आधी तो करावाच. मागची लाट उलटी निघत असल्यामुळे जास्तीचं अंतर एका पूर्ण तरंगलांबीइतकं झालं की ती पुढच्या लाटेला खाते. एक मीटर अंतरावर हा खड्डा १७० हर्ट्‌झच्या आसपास पडतो. पॅनेल भिंतीपासून फक्त फूटभर ठेवलं तर खड्डा सरकून ५७० हर्ट्‌झवर जातो, म्हणजे गाणाऱ्या गळ्याच्या ऐन मध्यात. आणि शिवाय ९५ हर्ट्‌झच्या खालचा सगळा आवाज कमी होऊ लागतो. खोक्याचा स्पीकर भिंतीला टेकवला की त्याचा खर्ज वाढतो. सपाट स्पीकरचा घटतो. 'हे स्पीकर फारच किरकिरे आहेत हो' अशी तक्रार करणाऱ्यांच्या घरी गेलं तर पॅनेल बहुधा खिडकीच्या पडद्याला लागून उभी असतात. कुणीतरी सोफा हलवायला तयार झालेलं नसतं, एवढाच तो दोष.

दहा बाय बाराच्या खोलीत हे बसतं का? बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. अरुंद भिंतीपासून एक मीटरवर पॅनेल, तिथून दोन मीटरवर ऐकणारा, त्याच्या पाठीमागे दोन फुटांहून थोडी जास्त जागा. दोन पॅनेलांच्या मध्यांमधलं अंतर १.७ मीटर ठेवलं तर बाहेरच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत दीड फुटाच्या वर उरतो. बसतं. पण खोलीत पलंग असेल तर बसत नाही. पलंग हलत नसेल तर हा विषय तिथेच थांबवावा. पॅनेलांच्या मागच्या भिंतीवर काय असावं यावर जाणकारांत मतभेद आहेत. काही जण जाड गालिचे टांगतात. मला ते पटत नाही, कारण गालिचा वरचे स्वर गिळतो, खालचे तसेच सोडतो आणि आवाज काळवंडतो. पुस्तकांचं उघडं कपाट उत्तम. कमीजास्त जाडीची, पुढेमागे लावलेली पुस्तकं लाटेला फोडतात, मारत नाहीत. आणि मराठी वाचकाच्या घरी पुस्तकांचं कपाट असतंच.

पॅनेल दोन असतात ती एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. ट्वीटरची, म्हणजे वरच्या स्वरांची, पट्टी आतल्या बाजूला येईल की बाहेरच्या, ते डावं-उजवं बदलून ठरवायचं. अरुंद खोलीत आत ठेवून सुरुवात करावी. ट्वीटरची कड ऐकणाऱ्यापासून पडद्याच्या बाकीच्या भागापेक्षा किंचित लांब राहील इतका कोन द्यावा. हा कोन बोटाबोटाने बदलत राहिल्यावर एका क्षणी गायक दोन पॅनेलांच्या मधल्या मोकळ्या हवेत उभा राहतो. तिथे जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवावी.

आता या सगळ्या खटाटोपाचं आपल्या गाण्याशी काय नातं आहे ते सांगतो, कारण माझ्या लेखी खरी गोष्ट इथे आहे. युरोप-अमेरिकेत सपाट स्पीकरवरचा कायमचा आक्षेप असा की त्यांना खर्ज कमी. एलआरएसची अधिकृत खालची मर्यादा ५० हर्ट्‌झ आहे. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचे स्वर वीस हर्ट्‌झच्याही खाली जातात, पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीसला वाजते, डबल बासची जाड तार ४१ ला. त्यांना उणीव जाणवणारच. आपला तंबोरा घ्या. काळी एक म्हणजे सुमारे १३९ हर्ट्‌झ. या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार ६९ हर्ट्‌झवर असते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याची १०४ वर. म्हणजे आपल्या ख्यालगायनाचा तळ त्या पन्नासच्या रेषेच्या वर आहे. सारंगी, हार्मोनियम, गळा, सगळं त्याच्या वर. डग्ग्याच्या घुमाऱ्यातला काही भाग जातो, हे मान्य करतो. पखवाज ऐकणाऱ्याला तो जास्त जाणवेल.

आणि तंबोरा हीच सपाट स्पीकरची खरी कसोटी आहे. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी अनेकांनी वाचली असेल. त्या कारागिराचं सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी काढणं. घोडीचा माथा हलक्या हाताने घासत राहायचं, तार वाजवायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार घोडीच्या सपाट, किंचित उतरत्या माथ्याला हलकेच चाटत कंप पावते आणि मधला सुताचा 'जीव' जागच्या जागी सरकवला की एका स्वरातून उपस्वरांची रांग उठते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच गोष्टीवर लिहिलं. तार जिथे छेडतो त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची गाठ असते ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोरा तो नियम पाळत नाही, कारण घोडी त्यांना पुन्हा जागं करते. एका छेडीत हे उपस्वर एकामागून एक वर येतात, चढतात, विरतात. हा सगळा व्यवहार फार हळू आवाजात, गळ्याच्या मागे चालतो. जड शंकू आणि गुणगुणणारं खोकं यांतून तो एकसंध गुंजनासारखा ऐकू येतो. हलक्या पडद्यातून तो उलगडतो.

कोथरूडला एका स्नेह्यांच्या घरी याचा अनुभव घेतला. निवृत्त अभियंते, खोली बरोबर याच मापाची, पॅनेल भिंतीपासून मीटरभर पुढे, मागे पुस्तकं. त्यांच्या ओळखीच्या एक गायनशिक्षिका आल्या होत्या; सगळे त्यांना ताई म्हणतात. स्पीकरकडे त्यांनी विशेष लक्ष दिलं नाही. सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "लावा काहीतरी." मल्लिकार्जुन मन्सूर यांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लागलं. मिनिटभराने त्यांनी हात वर केला. "मागचा तंबोरा जोडीत किंचित उतरलाय. ऐकताय ना?" यजमानांनी ते ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षं ऐकलेलं. ते म्हणाले, "ताई, मला कधी दोन तंबोरे आहेत हेच कळलं नव्हतं." पुढचा तासभर कुणी स्पीकरविषयी बोललं नाही. बोलणं चाललं ते मन्सूर सुरांशी कसे खेळतात, अमुक जागा त्यांनी श्वास कुठे घेऊन घेतली, यावर. स्पीकर चांगला असल्याची याहून मोठी पावती मला माहीत नाही.

जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणंही यावर वेगळं लागतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवरची खरखर कमी होत नाही, उलट स्पष्ट होते. पण ती गळ्यापासून सुटी होते. खरखर एका थरात, आवाज दुसऱ्या थरात. काही मिनिटांत कान खरखरीला वगळून टाकतो. ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं असल्यामुळे दोन पॅनेलांच्या बरोबर मध्ये ते घट्ट उभं राहतं, आणि यासाठी दोन्ही पॅनेलांची अंतरं ऐकणाऱ्यापासून सेंटिमीटरपर्यंत सारखी असावी लागतात.

ताई खाली बसल्या, हेही महत्त्वाचं आहे. पाश्चात्त्य घरांत खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून मीटरभर उंच असतो, म्हणून तिकडे जुन्या क्वाडच्या खाली उंच स्टँड लावण्याची पद्धत पडली. आपण गादीवर किंवा सतरंजीवर बसलो की कान पाऊण मीटरच्या आसपास येतो आणि तो बुटका, मागे रेललेला क्वाड नेमका आपल्यासाठी बनवल्यासारखा वाटतो. सव्वा मीटर उंचीच्या पॅनेललाही खाली बसणं मानवतं. बैठकीच्या खोलीत खुर्च्या काढून टाकल्या तर जागाही वाढते.

इलेक्ट्रोस्टॅटिक की प्लेनर मॅग्नेटिक, हा निर्णय आपल्याकडे हवामानावरूनही घ्यावा लागतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता अनेकदा ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि वाऱ्यात मीठ असतं. हजारो व्होल्टच्या भाराला दमट हवा आणि धूळ या दोन्ही गोष्टी वैरी. भार गळतो, एक बाजू हळू वाजू लागते, कधी चटचट ऐकू येते, कधी ठिणगी पडून पडद्याला भोक पडतं. शिवाय विद्युतभार धूळ स्वतःकडे ओढून घेतो, आणि आपल्या खिडक्या उघड्या असतात. समुद्रकाठी, वातानुकूलन सतत चालू न ठेवणाऱ्या घरात मी इलेक्ट्रोस्टॅटिक घेऊ नका असंच सांगेन, तो कितीही सुंदर वाजत असला तरी. देशावरच्या कोरड्या हवेत तो सांभाळता येतो, पण पडदा फाटला तर नवा कुठून येणार आणि कोण बसवणार, हे आधी विचारून घ्यावं. जुना क्वाड विकत घेणाऱ्याने तर दुरुस्ती करणारा माणूस आधी शोधावा आणि स्पीकर नंतर. त्या स्पीकरला मोठ्या ताकदीचा आधुनिक अँप्लिफायर लावला तर वरच्या पट्टीत ठिणगी पडून तो कायमचा जायबंदी होतो, ही गोष्ट विकणारा सांगेलच असं नाही.

प्लेनर मॅग्नेटिकला व्होल्टची भीती नाही आणि भिंतीतला प्लगही लागत नाही. त्याचा जुनेपणातला रोग वेगळा: वीसतीस वर्षांनी पडद्यावरच्या तारांचा गोंद सुटू लागतो आणि काही स्वरांना खडखड येते. थेट उन्हात ठेवलेल्या पॅनेलांत हे लवकर होतं. सेकंडहँड जोडी पाहायला गेलात तर पुरुष गायकाचा संथ आलाप आणि मग तंबोरा एकटा, असं लावून प्रत्येक पॅनेलजवळ कान नेऊन ऐकावं. हा गोंद नव्याने लावता येतो. धीराचं काम आहे, पण जमतं.

संकरित जातीही आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सला सुरू झालेली मार्टिनलोगन कंपनी वक्र इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि खाली खोक्यातला खालच्या स्वरांचा वूफर अशी जोडणी करते. फ्लोरिडातल्या ब्रूस थिगपेन यांचा एलएफटी-८ दोन्ही बाजूंना चुंबक असलेला प्लेनर पडदा वापरतो आणि खालचे स्वर साध्या वूफरकडे सोपवतो. लहान खोलीला ही तडजोड सोयीची, कारण रुंद पॅनेलची गरज कमी होते. माझी हरकत एकच आहे, की पडदा थांबतो त्या क्षणी वूफर थांबत नाही आणि हा फरक डग्ग्यावर ऐकू येतो. ज्यांच्या घरात सिनेमाही पाहिला जातो त्यांना ही हरकत वाटणार नाही आणि त्यांनी हाच मार्ग घ्यावा.

अँप्लिफायरविषयी थोडक्यात. एलआरएसचा रोध चार ओहम आणि संवेदनशीलता २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल. चार ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट, त्यामुळे प्रत्यक्षात ही जोडी कागदावर दिसते त्याहून जास्त भुकेली आहे. तिला चार ओहमवर शंभर खरे वॉट दिले तर एक मीटरवर १०३ डेसिबलपर्यंतची उसळी मिळते, दोन मीटरवर बसणाऱ्या ख्यालाच्या श्रोत्याला ती भरपूर आहे. शब्द 'खरे' हा आहे. टीव्हीखाली ठेवतात ते बरेच स्वस्त रिसीव्हर आठ ओहमवर, एकच वाहिनी चालवून मोठा आकडा छापतात आणि चार ओहमवर तापून बंद पडतात. प्लेनर मॅग्नेटिकचा रोध मात्र जवळजवळ सरळ असतो, कमीजास्त होत नाही. त्यामुळे प्रवाह देऊ शकणारा कुठलाही प्रामाणिक अँप्लिफायर चालतो. हल्लीचे चांगले क्लास डी अँप्लिफायर हे काम कमी पैशांत, कमी उष्णतेत करतात. इलेक्ट्रोस्टॅटिकचं उलटं: वरच्या स्वरांना त्याचा रोध खाली घसरत जातो आणि अँप्लिफायर घाबरतो. अपोजी कंपनीची सिंटिला नावाची रिबनची जोडी तर एक ओहमची होती. तिच्यापुढे टिकणारे अँप्लिफायर बोटांवर मोजण्याइतके होते.

सबवूफर लावायचा मोह बहुतेकांना होतो. शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याने वर्षभर तरी लावू नये. दहा बाय बाराच्या खोलीचे स्वतःचे घुमणारे स्वर ४७ आणि ५६ हर्ट्‌झला असतात. छताची उंचीही दहा फूट असेल तर दोन घुमारे एकाच ५६ वर येऊन बसतात. खोक्यातला सबवूफर या घुमाऱ्यांना चेतवतो आणि नुकताच सुटा झालेला तंबोरा पुन्हा बुडतो. सपाट पॅनेल त्यांना कमी चेतवतं, हा त्याचा गुण आहे, आणि तो घालवू नये.

खरेदी करण्यापूर्वी एक साधं काम करून पाहावं. जाड पुठ्ठ्याचे १२२ बाय ३७ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापावेत, मागे टेकू लावावा आणि खोलीत ठरवलेल्या जागी, भिंतीपासून एक मीटरवर उभे करावेत. आठवडाभर ते तिथेच राहू द्यावेत. कपाटाचं दार उघडतं का, केर काढताना अडतं का, नातवंडं धडकतात का, दुपारचं ऊन त्यांच्यावर येतं का, घरातल्या बाईमाणसाला आणि म्हाताऱ्यांना तिथून ये-जा करता येते का, हे सगळं त्या आठवड्यात कळतं. पुठ्ठे रोज उचलून भिंतीला लावावे लागले तरी हरकत नाही. पॅनेल हलकी असतात आणि ऐकताना पुढे ओढून जमिनीवरच्या खुणेवर ठेवता येतात, अनेक घरांत असंच चालतं. तेवढंही जमत नसेल तर लहान खोक्याचे चांगले स्पीकर घ्यावेत, किंवा त्याच तत्त्वावर चालणारे प्लेनर मॅग्नेटिक हेडफोन. त्यांना भिंत लागत नाही, आणि तंबोऱ्याची जोड त्यांतूनही सुटी ऐकू येते.